थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा दोष कसा शोधावा : प्रथमच मल्टिमीटर हाती घेणाऱ्यांसाठी

एक्सिलरेटर हलकेच दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी झटका देऊन पुढे जाते. सिग्नलला थांबल्यावर आयडलिंग वरखाली होत राहते. ब्रेक लावून गाडी थांबवताना इंजिन अचानक बंद पडते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा एक दिवस लागतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप विझतो. अशी तक्रार सांगितली की अनेक ठिकाणी ‘टीपीएस गेला असेल, बदलून बघू’ असे उत्तर मिळते. टीपीएस म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तो खरोखर बिघडलेला असू शकतो. परंतु नेमक्या याच तक्रारी काजळीने भरलेल्या थ्रॉटल बॉडीमुळे, चिरलेल्या व्हॅक्यूमच्या नळीमुळे, गंजलेल्या कपलरमुळे (वायरी जोडणाऱ्या प्लगमुळे) किंवा सैल झालेल्या अर्थच्या वायरीमुळेही उद्भवतात, आणि मग नवा सेन्सर बसवूनही गाडी पूर्वीसारखीच झटके देत राहते. दोष सेन्सरमध्ये आहे, वायरीत आहे की आणखी कुठे, हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने निश्चित करता येते. ते क्रमाने कसे करावे, हे पुढे दिले आहे.

सेन्सर नेमके काय करतो

पेट्रोल गाडीचा एक्सिलरेटर दाबल्याने पेट्रोल वाढत नाही, हवा वाढते. एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड नळीच्या टोकाशी ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी असते, तिच्यात एक गोल झडप असते आणि पाय दाबला की ती झडप उघडते. किती पेट्रोल सोडायचे हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. आणि त्यासाठी झडप किती उघडली आहे, तसेच किती वेगाने उघडत आहे, हे त्याला कळावे लागते. झडपेच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला काळ्या प्लास्टिकचा छोटा भाग ही माहिती देतो.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये विजेला ठरावीक रोध करणाऱ्या (रेझिस्टिव्ह) लेपाची एक अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावरून घासत फिरणारा धातूचा ब्रश असतो. पट्टीच्या एका टोकाला ईसीयूकडून ५ व्होल्ट मिळतात, दुसरे टोक अर्थला जोडलेले असते आणि ब्रश जिथे असेल तिथला व्होल्टेज तिसऱ्या वायरीने ईसीयूकडे परत जातो. झडप बंद असताना हा सिग्नल बहुतेक गाड्यांत ०.५ ते १ व्होल्टच्या दरम्यान असतो आणि झडप पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.७ व्होल्टपर्यंत जातो. तो कधीही शून्यापर्यंत किंवा थेट ५ व्होल्टपर्यंत जात नाही, हे मुद्दाम ठेवलेले आहे : शून्य दिसले तर वायर तुटली किंवा अर्थला चिकटली, आणि ५ दिसले तर अर्थ तुटला किंवा सिग्नल पुरवठ्याच्या वायरीशी शॉर्ट झाला, असे ईसीयूला ओळखता यावे म्हणून. एखाद्या गाडीत या आकड्यांत थोडा फरक असू शकतो. सर्व्हिस मॅन्युअल मिळाले तर त्यातील आकडा प्रमाण मानावा.

या एका व्होल्टेजवर बरेच काही अवलंबून असते. आयडलिंगची अवस्था ओळखणे, झडप झपाट्याने उघडली तर क्षणभर जादा पेट्रोल देणे, उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल बंद करणे, ओव्हरटेक करताना काही क्षण एसीचा कॉम्प्रेसर सोडणे आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे ठरवणे, ही सर्व कामे त्यावर चालतात. अनेक गाड्यांत आणखी एक सोय असते : सेल्फ मारताना झडप पूर्ण उघडी दिसली, तर इंजिनात पेट्रोल साचले आहे असे मानून ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो. त्यामुळे सिग्नल वर अडकलेला असेल तर अशी गाडी सुरूच होत नाही, आणि लोक मात्र पेट्रोल पंप तपासत बसतात.

पट्टीची झीज सर्वत्र सारखी होत नाही. पुण्यामुंबईच्या रहदारीत झडप बहुतेक वेळ जेमतेम पाव उघडलेली असते, म्हणून पट्टीचा सुरुवातीचा भाग आधी झिजतो. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण ठरावीक जागी खरखरते, तसेच येथेही होते. फरक इतकाच की येथे खरखर ऐकू न येता गाडी झटका देते. म्हणूनच या सेन्सरचा झटका सहसा पाय अगदी हलका असतानाच जाणवतो. पुढे चाचणी करताना सर्वांत जास्त वेळ याच भागावर द्यावयाचा आहे.

आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे

बॉनेट उघडून एअर फिल्टरपासून निघालेली जाड नळी थ्रॉटल बॉडीपर्यंत पाहत जावे. तेथे पाव चकतीच्या आकाराच्या भागावर गुंडाळलेली पोलादी केबल दिसली आणि ती केबल डॅशबोर्डखालच्या पेडलकडे जात असली, तर गाडी केबल थ्रॉटलची आहे. सुरुवातीच्या वर्षांतील सँट्रो, वॅगन आर, आल्टो आणि एमपीएफआय इंजिनाची मारुती ८०० या अशाच गाड्या. त्यांच्या थ्रॉटल बॉडीवर तीन वायरींचा स्वतंत्र सेन्सर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. काही जुन्या मॉडेलांत चौथी वायरही आढळते; ती आयडल स्विचची असते आणि झडप पूर्ण बंद आहे की नाही एवढेच सांगते.

केबल दिसली नाही आणि थ्रॉटल बॉडीला बहुधा सहा वायरींचा मोठा कपलर असला, तर थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात झडप मोटरने उघडते, सेन्सर एकाऐवजी दोन असतात आणि पेडलवर आणखी वेगळे सेन्सर असतात. अलीकडच्या जवळजवळ सर्व पेट्रोल गाड्या अशाच आहेत. त्यांची तपासणी पुढे स्वतंत्रपणे दिली आहे, कारण केबलच्या गाडीत चालणाऱ्या काही गोष्टी तेथे करणे धोक्याचे आहे.

डिझेल गाडीत पिकअपची तक्रार असेल तर हा लेख फारसा उपयोगी पडणार नाही. तेथे आधी एक्सिलरेटर पेडलचा सेन्सर पाहावा.

मीटर लावण्याआधी

प्रथम तक्रार नीट लिहून काढावी. झटका पेडल एका ठरावीक जागी असतानाच बसतो का? सपाट रस्त्यावरही बसतो का? इंजिन थंड असताना अधिक की गरम झाल्यावर? सेन्सरची पट्टी झिजली असेल तर गाडीवर भार असो वा नसो, पाय त्या जागी आला की झटका बसतो. याउलट सपाटीवर गाडी ठीक चालते आणि खंबाटकीच्या किंवा कशेडीच्या चढावर भार आला की अडखळते, असे असेल तर स्पार्क प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा दाब यांच्याकडे संशयाने पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. दहा मिनिटांच्या या विचाराने निम्मे चुकीचे सेन्सर बदलणे टळेल, असे माझे ठाम मत आहे.

बॅटरीचा व्होल्टेज मोजावा. इंजिन बंद असताना तो सुमारे १२.५ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. बॅटरी अशक्त असेल तर पुढचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत.

नंतर चालकाच्या पायाखालची मॅट पाहावी. एकावर एक टाकलेल्या जाड मॅटमुळे पेडल शेवटपर्यंत दाबलेच जात नाही, आणि मग झडप पूर्ण उघडत नाही म्हणून पिकअप कमी वाटतो. केबलला किंचित ढील असावी. ती ताणलेली असेल तर पाय काढल्यावरही झडप पूर्ण मिटत नाही.

एअर फिल्टरची नळी काढून झडपेच्या कडेला बोट फिरवून पाहावे. इंजिन बंद आणि चावी काढलेली असावी. कडेला काळा चिकट थर असेल तर थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर घेऊन तो पुसून काढावा. क्लीनरचा फवारा सेन्सरच्या बाजूला दांड्यावर मारू नये, कारण तो आत उतरून पट्टीवरचे वंगण धुऊन टाकतो. व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या वाकवून चिरा आहेत का तेही पाहावे.

थ्रॉटल बॉडीवर झडपेला टेकणारा एक छोटा स्टॉप स्क्रू असतो, आणि त्यावर कारखान्यातच रंगाचा ठिपका दिलेला आढळतो. तो ठिपका तुटलेला असेल तर कुणीतरी आयडलिंग वाढवण्यासाठी स्क्रू फिरवलेला आहे असे समजावे. कार्ब्युरेटरच्या काळातील ही सवय इंजेक्शनच्या गाडीत नडते : स्क्रू आत गेल्याने झडप थोडी उघडी राहते, सिग्नल वाढतो, ईसीयूला गाडी आयडलवर आहे हे कळतच नाही आणि तो आयडल व्हॉल्व्हचे (आयडलिंगसाठी हवा सोडणाऱ्या झडपेचे) नियंत्रण नीट करत नाही. सेन्सर निर्दोष, पण लक्षणे सगळी त्याचीच.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट नेहमी तपासावी लागते, आणि ती म्हणजे बाहेरून बसवलेले सीएनजी किंवा एलपीजी किट. अनेक किटांना झडपेची स्थिती कळावी लागते, म्हणून बसवणारा टीपीएसच्या सिग्नलची वायर सोलून तिला किटची एक वायर जोडतो. तो सांधा झाळलेला नसेल, केवळ पिळून टेप गुंडाळलेला असेल, तर दोन पावसाळ्यांत तेथे हिरवा गंज धरतो आणि सिग्नल तुटक होतो. अशा गाडीत कपलरपासून एक हातभर अंतरातील टेप सोडवून सांधा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सेन्सरला दोष देऊ नये.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

भारतात बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा बंधनकारक झाला. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखालच्या भागात सोळा पिनांचे सॉकेट सापडते आणि स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर मोबाइलला जोडून दोष वाचता येतात. त्याआधीच्या गाड्यांत त्या कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजची मदत घ्यावी लागते. मीटरच्या चाचण्या मात्र सर्वांना सारख्याच लागू पडतात.

या सेन्सरचे कोड असे : पी ०१२० म्हणजे सर्किटमध्ये बिघाड, पी ०१२१ म्हणजे सिग्नल अपेक्षेशी जुळत नाही, पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त आणि पी ०१२४ म्हणजे मधूनमधून तुटणारा. येथे ‘सर्किट’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. ईसीयूला फक्त आपल्या पिनवरचा व्होल्टेज दिसतो. तो सेन्सरमुळे कमी झाला की उंदराने वायर कुरतडल्यामुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. कोड हा शोधाचा आरंभ आहे, सुटा भाग मागवण्याची पावती नव्हे. कोड पुसण्यापूर्वी तो आणि त्यासोबत साठवलेली माहिती, म्हणजे त्या क्षणी वेग किती, इंजिनाचे फेरे किती आणि तापमान किती होते, लिहून ठेवावी.

थेट माहितीच्या पडद्यावर थ्रॉटलची टक्केवारी पाहताना नवशिका हमखास दचकतो, कारण पाय काढलेला असूनही तेथे १२ किंवा १५ टक्के दिसतात. यात दोष नाही. बरेच स्कॅनर ५ व्होल्टच्या प्रमाणात टक्के दाखवतात; ०.६ भागिले ५ म्हणजे १२ टक्के. त्याच हिशेबाने पूर्ण उघडल्यावर १०० नव्हे तर ८० ते ९० टक्के दिसतात. पाहायचे ते एवढेच की पेडल सावकाश दाबताना आकडा न अडखळता चढतो का, आणि सोडल्यावर दर वेळी त्याच आकड्यावर परततो का.

तीन वायरींची तपासणी

ही चाचणी केबल थ्रॉटलच्या गाडीसाठी आहे. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. इंजिन थंड असावे. चावी ऑन करायची आहे, पण इंजिन सुरू करायचे नाही. रेडिएटरचा पंखा चावी ऑन असताना आपोआप फिरू शकतो, म्हणून ओढणी, सैल बाह्या आणि मीटरच्या वायरी त्याच्यापासून दूर ठेवाव्यात.

कपलर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवावी आणि तिला मीटरचे टोक लावावे. वायरीचे आवरण टोचून तपासण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती टाळावी. त्या सूक्ष्म छिद्रातून पाणी शिरते आणि कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तर आतले तांबे लवकरच हिरवे पडते. टेस्टिंगचा बल्ब येथे कधीही वापरू नये, कारण तो ईसीयूच्या ५ व्होल्टच्या वाहिनीतून पेलणार नाही इतका प्रवाह ओढतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे आणि लाल टोक एकेका वायरीला लावून पाहावे. वायरींच्या रंगांवर विसंबू नये. एका वायरीवर ४.९ ते ५.१ व्होल्ट मिळतील, ती पुरवठ्याची. एकीवर जवळजवळ शून्य मिळेल, ती अर्थची. उरलेलीवर अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यानचा आकडा मिळेल, ती सिग्नलची. असे तिन्ही आकडे मिळाले तर निम्मे काम झाले.

अर्थच्या वायरीवर ‘जवळजवळ शून्य’ म्हणजे किती, हे काटेकोरपणे पाहणे आवश्यक आहे. मीटर मिलिव्होल्टवर आणून पुन्हा मोजावे. तेथे ५० मिलिव्होल्टच्या आत आकडा असावा. १०० च्या वर गेला तर अर्थच्या मार्गात कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. याच कारणाने सिग्नलही तेवढाच वर सरकतो आणि बंद झडप ईसीयूला किंचित उघडी वाटते. अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर सिग्नल ५ व्होल्टच्या जवळ चढतो आणि पी ०१२३ येतो. या एका तपासणीकडे दुर्लक्ष करून बदललेले सेन्सर भंगारात पुष्कळ सापडतील.

पुरवठ्याच्या वायरीवर ५ व्होल्ट मिळालेच नाहीत, तर लगेच ईसीयूला दोष देऊ नये. अनेक गाड्यांत हीच ५ व्होल्टची वाहिनी मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) किंवा एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर यांनाही पुरवठा करते, आणि त्यांपैकी एक जरी आतून शॉर्ट झाला तरी ती सर्वांसाठी खाली येते. मीटर पुरवठ्याच्या वायरीला लावून ठेवावा आणि टीपीएससह हे सेन्सर एकेक करून काढत जावे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत आले, तो दोषी. सर्व काढूनही आले नाहीत तर चावी बंद करून, बॅटरीचे ऋण टोक सोडून, ईसीयूचा कपलर काढून त्या वायरीची सलगता आणि तिचा अर्थशी संपर्क ओहमवर तपासावा. वायर चांगली निघाली तरच ईसीयूचा विचार करावा, आणि तेही काम जाणकाराकडे सोपवावे.

संथ चाचणी

पुरवठा आणि अर्थ ठीक असतील तर लाल टोक सिग्नलच्या वायरीवर ठेवून थ्रॉटलची पाव चकती हाताने अतिशय सावकाश फिरवावी. पूर्ण उघडायला निदान दहा ते पंधरा सेकंद लागले पाहिजेत, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या पाव भागाला द्यावा. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. घाई केली तर सिग्नलची क्षणिक तूट त्याच्या नजरेतून सहज निसटते. मीटरवर किमान-कमाल नोंदवणारे बटण असेल तर ते वापरावे. जुना काट्याचा मीटर घरात पडलेला असेल तर या कामासाठी तो उत्तम, कारण काटा थरथरला की लगेच दिसतो.

निरोगी सेन्सरमध्ये आकडा ०.६२, ०.७०, ०.८१, ०.९५ असा चढत चढत ४.३ च्या आसपास थांबतो आणि झडप सोडल्यावर पुन्हा ०.६२ वर येतो. समजा, आकडे ०.९५ पर्यंत नीट आले, मग एकदम ०.३ झाले आणि किंचित पुढे सरकवताच १.२ वर गेले. तर झडप मिटवून तीच चाचणी पुन्हा करावी. तूट दर वेळी त्याच जागी आली तर पट्टी तेथे झिजलेली आहे आणि सेन्सर बदलण्यास पर्याय नाही. तूट दर वेळी वेगळ्या जागी आली किंवा झडप न हलवता नुसती वायर हलवल्यावर आली, तर दोष कपलरच्या पिनांत किंवा वायरीत आहे. कपलर काढून पिना पाहाव्यात : हिरवट गंज, मागे सरकलेली पिन, फाकलेली पकड. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ करून, वाळवून पुन्हा बसवल्यावर अनेकदा येथेच प्रश्न सुटतो.

बंद झडपेचा आकडा १.२ किंवा त्याहून अधिक येत असेल तर सेन्सर बाजूला ठेवून आधी झडप खरोखर मिटली आहे का ते पाहावे. काजळी, ताणलेली केबल आणि फिरवलेला स्टॉप स्क्रू ही तीन कारणे वर आलीच आहेत.

तक्रार फक्त इंजिन गरम झाल्यावर येत असेल आणि थंड सेन्सर निर्दोष दिसत असेल, तर केस वाळवण्याच्या ड्रायरने सेन्सर दोन-तीन मिनिटे तापवून चाचणी पुन्हा करावी. आकडा स्थिर असताना स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सेन्सरवर हलक्या टिचक्या मारूनही पाहावे. टिचकीसरशी आकडा उडाला तर आतला ब्रश सैल झालेला आहे.

सिग्नलच्या वायरीवर मीटर योग्य आकडे दाखवतो, पण स्कॅनरमध्ये मात्र शून्य दिसते, असे झाले तर सेन्सर निर्दोष आहे. दोष सेन्सर ते ईसीयू या मार्गात आहे. उलट, मीटरवरही सिग्नल शून्यच राहत असेल तर चावी बंद करून कपलर काढावा आणि त्याच्या वायरींच्या बाजूला पुरवठ्याची व सिग्नलची पिन एक हजार ओहमच्या रेझिस्टरने जोडावी. चावी ऑन केल्यावर स्कॅनरमधील थ्रॉटलचा आकडा उसळी मारून वर गेला तर वायर व ईसीयू दोन्ही ठीक आहेत आणि सेन्सर दोषी आहे. पुरवठ्याची पिन मीटरने ओळखल्याशिवाय ही चाचणी करू नये, आणि बॅटरीचे १२ व्होल्ट या कपलरजवळ कधीही आणू नयेत.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर

येथे पहिला नियम : चावी ऑन असताना झडपेत बोट घालू नये. मोटर ती झडप कोणत्याही क्षणी बोट चेपण्याइतक्या जोराने मिटवू शकते. दुसरा नियम असा की झडप हाताने किंवा स्क्रूड्रायव्हरने जोर लावून उघडू नये, कारण आतले प्लास्टिकचे दाते त्याने खराब होऊ शकतात.

झडपेवरचे दोन सेन्सर एकमेकांवर पहारा ठेवतात. एका सामान्य रचनेत पहिल्याचा व्होल्टेज चढतो तसा दुसऱ्याचा उतरतो, आणि दोहोंची बेरीज कायम ५ व्होल्टच्या आसपास राहते : बंद असताना ०.७ आणि ४.३, अर्धवट उघडल्यावर २.० आणि ३.०. दुसऱ्या रचनेत दोन्ही एकाच दिशेने, पण वेगवेगळ्या प्रमाणात चढतात. ही जोडी जुळली नाही की पी २१३५ येतो, ईसीयू झडपेची मोटर सोडून देतो आणि गाडी कशीबशी सरपटत घरी जाऊ शकेल एवढीच ताकद उरते. पी ०२२२ आणि पी ०२२३ हे दुसऱ्या सेन्सरच्या कमी व जास्त सिग्नलचे कोड आहेत. पी २१२२, पी २१२३, पी २१२७, पी २१२८ आणि पी २१३८ मात्र पायाखालच्या पेडलचे आहेत. यांपैकी कोड आला असताना थ्रॉटल बॉडी बदलण्यात अर्थ नाही, आणि ही गफलत महागात पडते, कारण थ्रॉटल बॉडीची किंमत मोठी असते.

तपासणी स्कॅनरच्या थेट माहितीवर करणे येथे सर्वांत सुरक्षित. चावी ऑन ठेवून पेडल सावकाश दाबावे आणि पेडलचे दोन व झडपेचे दोन असे चारही आकडे पाहत राहावे. इंजिन बंद असताना काही गाड्यांत झडप पूर्ण उघडत नाही. तो दोष समजू नये. एकच आकडा भरकटत असेल तर त्याच्या वायरीवर वरीलप्रमाणे मागच्या बाजूने पुरवठा, अर्थ आणि सिग्नल मोजावा. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये सेन्सर संपर्करहित असतात, त्यांची पट्टी झिजण्याचा प्रश्न नसतो; म्हणून तेथे कपलर आणि वायरिंग यांच्यावर संशय अधिक असावा. इंजिन पाण्याच्या प्रेशरने धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी आलेला पी २१३५ हा बहुधा कपलरमधल्या पाण्याचा असतो. सेन्सर आतूनच खराब निघाला तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी संपूर्ण बदलावी लागते, आणि नंतर झडपेची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. काही गाड्यांत हे चावीच्या ठरावीक क्रमाने होते, काहींत स्कॅनरशिवाय होत नाही.

सेन्सर बदलताना

नवा सेन्सर विकत घेतानाच दुकानात मीटर ओहमवर ठेवून तपासावा. दोन टोकांच्या पिनांमधील रोध काही हजार ओहमचा आणि स्थिर असावा; एक टोक आणि मधला ब्रश यांच्यातील रोध सेन्सर फिरवताना सलग बदलत जावा. मधली पिन ब्रशचीच असेल असे नाही, तेव्हा तिन्ही जोड्या तपासाव्यात. नकली माल याच ठिकाणी उघडा पडतो.

जुन्या सेन्सरचे स्क्रू मऊ असतात आणि ॲल्युमिनियममध्ये घट्ट धरलेले असतात. योग्य मापाच्या डोक्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, दाबून धरूनच ते फिरवावेत. नवा सेन्सर बसवताना त्याच्या आतली खाच झडपेच्या दांड्याच्या चपट्या टोकावर योग्य बाजूने बसली पाहिजे. बहुधा तो थोडा तिरका लावून, आतल्या स्प्रिंगचा ताण जाणवेपर्यंत फिरवून मग स्क्रूंच्या भोकांशी जुळवावा लागतो. उलट बाजूने बसला तर झडप हलवताच आतला भाग मोडतो. बसवल्यावर झडप हाताने उघडून सोडावी. ती खटकन मिटली पाहिजे.

स्क्रूंची भोके लांबट असतील तर सेन्सर समायोजनाचा आहे. स्क्रू सैल ठेवून, मीटर सिग्नलवर लावून, सेन्सर किंचित फिरवत बंद झडपेचा व्होल्टेज मॅन्युअलमधील आकड्यावर आणावा आणि मग स्क्रू आवळावेत. आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना तो सरकतो. भोके गोल असतील तर समायोजनाचा प्रश्न नाही, आणि ती कानशीने लांबट करण्याचा मोह टाळावा.

यानंतर कोड पुसावेत. इंजिन सुरू करून एसी, हेडलाइट आणि इतर सर्व भार बंद ठेवून, रेडिएटरचा पंखा एकदा-दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत ते आयडलवर चालू द्यावे. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय अगदी हलका ठेवून, पूर्वी झटका बसायचा नेमका त्याच जागी पेडल धरून पाहावे. सोबत कुणी असेल तर त्याला स्कॅनरवर थ्रॉटलचा आकडा पाहायला सांगावे. चालवणाऱ्याने मोबाइलकडे पाहू नये. दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर प्रलंबित कोड पुन्हा वाचावेत, कारण अधूनमधून येणारा दोष दिवा लावण्यापूर्वी तेथे नोंदला जातो. आकडा एकसारखा चढतो, कोड येत नाही आणि तरीही गाडी झटका देते, असे असेल तर टीपीएसचा विषय बंद करून प्लग, कॉइल, पेट्रोलचा दाब आणि मॅप सेन्सर या क्रमाने पुढे जावे.